श्रद्धा आणि देहदंड : डोस्टोव्हस्कीची 'इडियट'

मृत्यू कोणाला चुकला आहे, असे आपण उठता-बसता म्हणतो आणि पुन्हा आपापल्या कामाला लागतो. लागू शकतो, याचे कारण एकच. तो कधी येणार हे आपल्याला ठाऊक नसते. आता अशी कल्पना करा की, हे ठाऊक नसणेच कुणी आपल्यापासून काढून घेतले. अमुक दिवशी, अमुक वाजता तुझा अंत होणार, असे कागदावर लिहून, त्यावर शिक्का मारून, माणसाला समोर उभे करून वाचून दाखवले. मग त्या घटकेपर्यंत त्याच्या मनाचे काय होत असेल? आणि त्याच्या शेजारी धर्माच्या नावाने जो माणूस उभा केलेला असतो, तो त्याला काय देऊ शकत असेल?

हे दोन्ही प्रश्न जिच्यात एकत्र गुंफले गेले आहेत अशी एक मोठी कादंबरी आहे. तिचे नाव 'इडियट'. फ्योदोर डोस्टोव्हस्की या रशियन कादंबरीकाराची ती कृती. १८६८ च्या जानेवारीपासून ती एका रशियन मासिकात क्रमशः येऊ लागली आणि १८६९ च्या आरंभी पुरी झाली. बहुतेक जण ती प्रेमकथा म्हणून वाचतात, आणि प्रेमकथा तिच्यात आहेच. परंतु आज मला बोलायचे आहे ते तिच्यातल्या दुसऱ्या एका धाग्याविषयी. हा धागा पहिल्या पानांत सुरू होतो तो शेवटच्या रात्रीपर्यंत तुटत नाही.

कादंबरीचा नायक प्रिन्स मिश्किन. प्रिन्स म्हटला म्हणजे राजवाडा आणि नोकरचाकर डोळ्यांपुढे आणू नका. रशियात ती जुन्या सरदार घराण्यांची पदवी होती, आणि पदवीखेरीज या मिश्किनजवळ दुसरे काही नाही. वय सव्वीस-सत्तावीस, आईबाप नाहीत, फेफऱ्याचा आजार. काही वर्षे स्वित्झर्लंडमध्ये औषधोपचार घेऊन तो एका लहानशा गाठोड्यानिशी आगगाडीने पीटर्सबर्गला येतो. लहान मुलासारखा सरळ बोलतो, म्हणून लोक त्याला 'इडियट', म्हणजे वेडगळ, म्हणतात. गाडीतच त्याला रोगोझिन भेटतो. हा एका व्यापाऱ्याचा मुलगा. बाप नुकताच वारलेला, हाती अमाप पैसा, आणि नस्तास्या फिलिपोव्ना नावाच्या एका सुंदर स्त्रीचा ध्यास. ही नस्तास्या पोरकी. ज्याने सांभाळले त्यानेच लहानपणी तिचा घात केलेला. मिश्किन तिच्यावर करुणेपोटी प्रेम करतो, रोगोझिन वासनेपोटी. पुढची सारी कथा या तिघांभोवती फिरते.

आता गंमत पाहा. मिश्किन त्याच दिवशी सकाळी येपान्चिन नावाच्या एका जनरलच्या घरी जातो. त्याची बायको मिश्किनची दूरची नातलग. हा आपला बाहेरच्या खोलीत हुजऱ्यापाशी बसून राहतो, आणि बोलता बोलता त्या हुजऱ्याला सांगू लागतो, ते फ्रान्समधल्या लिऑन शहरात स्वतः पाहिलेल्या एका शिरच्छेदाची हकीकत! परक्या घरात पाऊल टाकून अर्धा तास झाला नाही, कुणी विचारले नाही, आणि हा माणूस गिलोटिनविषयी बोलतो आहे. लेखकाला या विषयाची किती निकड होती, हे एवढ्यावरूनच कळावे.

हुजऱ्या बिचारा सज्जन आहे. तो म्हणतो, डोके एका झटक्यात उडते, तेव्हा फार यातना तरी होत नसतील. हाच युक्तिवाद त्या काळी मोठमोठे लोक करीत असत. गिलोटिन यंत्र त्याच दयेच्या भावनेतून पुढे आले होते. मिश्किन त्याला उलट म्हणतो, यातना नाहीत हेच तर भयंकर आहे. शरीराला जखम असली, वेदना असल्या, म्हणजे मन त्या वेदनांत गुंतून राहते. इथे जखम नाही. इथे फक्त ठाम माहिती आहे. आता तासाभराने, आता दहा मिनिटांनी, आता अर्ध्या मिनिटाने आपण माणूस म्हणून उरणार नाही, आणि यात बदल होणे नाही. सर्वात मोठी यातना ती या खात्रीची.

आणि मग तो दोन उदाहरणे देतो. रात्री रानात दरोडेखोरांनी एखाद्याला गाठले, तर सुरी गळ्यावर येईपर्यंत तो माणूस सुटकेची आशा धरून असतो. कुणी धावून येईल, त्यांना दया येईल, मी पळेन. लढाईत सैनिकाला तोफेच्या तोंडी उभे केले, तरी तो काहीतरी होईल म्हणून आशा करतोच. पण त्याच सैनिकाला निश्चित शिक्षा वाचून दाखवा, तो वेडा होईल नाहीतर रडू लागेल. म्हणून मिश्किनच्या मते खुनाबद्दल खून करणे ही मूळ खुनाहून कितीतरी मोठी शिक्षा आहे. दरोडेखोर जीव घेतो. शिक्षा जिवाबरोबर शेवटची आशाही घेते.

मिश्किनने एकदा ऐकलेली आणखी एक हकीकत येपान्चिन कुटुंबातल्या बायका-मुलींसमोर येते. एका माणसाला राजकीय गुन्ह्यासाठी वधस्तंभापाशी उभे केले होते, वीस मिनिटांनी शिक्षा कमी झाल्याचे सांगण्यात आले. त्याने उरलेल्या पाच मिनिटांची वाटणी केली. दोन मिनिटे सोबत्यांचा निरोप घ्यायला, दोन मिनिटे स्वतःशी विचार करायला, आणि बाकीचा वेळ जगाकडे शेवटचे पाहून घ्यायला. जवळच एका देवळाचा सोन्याचा मुलामा दिलेला कळस उन्हात चमकत होता. तो त्या किरणांकडे एकटक बघत राहिला. आणखी तीन मिनिटांनी आपण यांतच मिसळून जाणार, असे त्याला वाटत होते. आणि त्याच वेळी, सुटलो तर प्रत्येक मिनिट एका युगासारखे जगेन, या विचाराने तो इतका भाजून निघाला की, लवकर गोळी घाला असे त्याला झाले.

हे ऐकून येपान्चिनची एक मुलगी अगदी व्यवहारी प्रश्न करते : मग पुढे तो तसा जगला का? मिश्किन प्रामाणिकपणे सांगतो, नाही, त्यानेही पुष्कळ मिनिटे वाया घालवली. वाचकहो, दुसऱ्या एखाद्या लेखकाने इथे उपदेश केला असता!

ही हकीकत कल्पनेतली नव्हती. १८४९ साली डोस्टोव्हस्कीला एका विचारमंडळात भाग घेतल्याबद्दल अटक झाली होती. पीटर्सबर्गच्या किल्ल्यात आठ महिने ठेवल्यावर, रशियाच्या जुन्या पंचांगाप्रमाणे २२ डिसेंबर १८४९ रोजी, त्याला व त्याच्या सोबत्यांना सेम्योनोव्हस्की चौकात उभे करून मृत्युदंड वाचून दाखवण्यात आला. सर्वांना क्रूसाचे चुंबन घ्यायला लावले, डोक्यावर तलवारी मोडल्या, अंगावर पांढरे सदरे चढवले. पहिल्या तिघांना खांबांना बांधले. डोस्टोव्हस्की सहावा होता, म्हणजे दुसऱ्या खेपेतला. त्या दिवशी भावाला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की, त्याच्याजवळ मिनिटभराहून अधिक आयुष्य उरले नव्हते. आणि मग झार निकोलस पहिला याची दया जाहीर झाली! ही दया आधीच ठरलेली होती. सारा देखावा मुद्दाम रचलेला होता. खांबाला बांधलेल्या तिघांपैकी ग्रिगोर्येव्ह याचे डोके त्यानंतर ठिकाणावर राहिले नाही. डोस्टोव्हस्कीला चार वर्षे सैबेरियात सक्तमजुरी आणि त्यापुढे सैन्यात शिपाईगिरी करावी लागली.

कादंबरीतल्या गोष्टीत त्याने थोडा फरक केला आहे. तिथला माणूस आठवा आहे, म्हणून तिसऱ्या खेपेतला. पाच मिनिटे त्याला मिळतात. स्वतःच्या वाट्याला आलेले एक मिनिट लेखकाने पाच मिनिटांपर्यंत ताणले, ते आपल्याला आत जाऊन पाहता यावे म्हणून, असे मला वाटते.

इथवर देहदंड झाला. श्रद्धा कुठे येते? ती येते त्याच बैठकीत. मिश्किन चित्रे काढणाऱ्या अदेलाइदा नावाच्या मुलीला एक विषय सुचवतो. वधाच्या अगदी एक मिनिट आधीच्या माणसाचा चेहरा काढा, म्हणतो. त्या कैद्याला पहाटे पाचला उठवलेले आहे. कागदपत्रांना अजून आठवडा लागेल अशी त्याची समजूत होती. गाडीतून नेताना तो मनाशी हिशेब करतो : अजून बराच वेळ आहे, अजून तीन रस्ते उरलेत. हा रस्ता गेला की दुसरा, मग तो पाववाल्याच्या दुकानाचा. बरोबरचा पाद्री शहाणा माणूस असावा. त्याने बोलणे केव्हाच थांबवले आहे. तो फक्त हातातला लहानसा रुपेरी क्रूस पुन्हा पुन्हा कैद्याच्या ओठांशी नेतो, आणि कैदी घाईघाईने त्याचे चुंबन घेतो. प्रवासाला निघताना असू द्यावे म्हणून एखादी वस्तू झटकन पिशवीत टाकावी, तसे. त्या क्षणी त्याच्या मनात धर्माची भावना असेल, असे मिश्किनला वाटत नाही. चित्रात एवढेच असावे : क्रूस आणि ते डोके.

माझ्या समजुतीप्रमाणे ही कादंबरीची नाभी आहे. क्रूस हे ख्रिस्ती माणसाचे सर्वात पवित्र चिन्ह. पण क्रूस मुळात काय होता? रोमन सत्तेचे देहदंडाचे साधन! ज्याला ख्रिस्ती लोक देव मानतात, त्याला न्यायालयाचा निकाल देऊन, कायद्याने, लोकांसमोर मारले होते. आणि अठराशे वर्षांनंतर त्याच वधाचे चिन्ह हातात घेऊन धर्म दुसऱ्या एका वधाच्या ओट्यावर उभा आहे, शिक्षा देणाऱ्यांच्या बाजूने. डोस्टोव्हस्कीने स्वतः तो क्रूस ओठांना लावला होता. म्हणून त्याने इथे टीका केलेली नाही, नुसते चित्र काढायला सांगितले आहे.

या चित्राला जोडीचे दुसरे चित्र पुढे रोगोझिनच्या अंधाऱ्या घरात भेटते. हान्स होल्बाइन या चित्रकाराने १५२१-२२ च्या सुमारास काढलेल्या मृत ख्रिस्ताच्या चित्राची ती नक्कल आहे. मूळ चित्र बाझेल शहरात आहे. लांबी सुमारे दोन मीटर, उंची जेमतेम तीस सेंटिमीटर, जणू शवपेटीच. त्यात तेजोवलय नाही, देवदूत नाहीत. आहे ते एका छळून मारलेल्या माणसाचे प्रेत, हिरवट पडू लागलेले. १८६७ च्या ऑगस्टमध्ये डोस्टोव्हस्की पत्नी आना हिच्यासह बाझेलला थांबला होता. ती आठवणींत सांगते की, तो या चित्रापुढे खिळून उभा राहिला, आणि त्याला फेफऱ्याचा झटका येईल की काय अशी तिला धास्ती वाटली. कादंबरीत मिश्किन या चित्राविषयी एवढेच म्हणतो की, हे पाहून एखाद्याची श्रद्धा जायची! रोगोझिन उत्तर देतो, जातेच आहे.

त्या भेटीत मिश्किन रोगोझिनला एक ऐकीव गोष्ट सांगतो. दोन शेतकरी, जुने दोस्त, एका खाणावळीत उतरले. एकाला दुसऱ्याचे रुप्याचे घड्याळ आवडले. तो चोर नव्हता, गरीबही नव्हता. पण मोह आवरेना. मित्राची पाठ वळली तेव्हा त्याने सुरी काढली, आभाळाकडे पाहिले, छातीवर क्रूसाची खूण केली, देवा मला क्षमा कर असे पुटपुटला, आणि मित्राचा गळा चिरला. घड्याळ घेतले. रोगोझिन हे ऐकून पोट धरून हसतो. आपल्याला हसू येत नाही. कारण एव्हाना आपण ओळखलेले असते की, प्रार्थना आणि सुरी एका हातात धरणारा हा शेतकरी, आणि क्रूस व पाते एका ओट्यावर मांडणारी सरकारी व्यवस्था, यांत फार अंतर नाही.

तर मग श्रद्धा म्हणजे थोतांड, असे लेखकाला म्हणायचे आहे काय? नाही. मिश्किन लगेच दुसरी आठवण सांगतो. एका तरुण बाईचे सहा आठवड्यांचे बाळ पहिल्यांदा हसले आणि तिने भक्तीने क्रूसाची खूण केली. पापी माणूस मनापासून प्रार्थना करतो तेव्हा देवाला असाच आनंद होत असेल, असे ती अडाणी बाई बोलून गेली. यानंतर ते दोघे गळ्यातले क्रूस बदलतात आणि धर्मभाऊ होतात. आणि त्याच दिवशी संध्याकाळी रोगोझिन जिन्याच्या अंधारात मिश्किनवर सुरी उगारतो! डोस्टोव्हस्की श्रद्धेला कुठेही स्वस्तात जिंकू देत नाही. १८५४ साली एका पत्रात त्याने स्वतःला अविश्वासाच्या आणि शंकेच्या युगाचे लेकरू म्हटले होते.

आणखी एक पात्र. लेबेदेव नावाचा एक दारुडा, लबाड कारकून. त्याचा भाचा त्याची टवाळी करतो की, हा रात्री कुणासाठी प्रार्थना करतो ठाऊक आहे का? कौंटेस द्यु बारीसाठी! ही फ्रान्सच्या पंधराव्या लुईची प्रेयसी. ८ डिसेंबर १७९३ रोजी तिचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला. ओट्यावर तिने जल्लादाकडे आणखी एकच क्षण मागितला, असे सांगतात. लेबेदेवने हे कुठल्याशा कोशात वाचले आणि त्याच्या काळजाला घर पडले. जगात आजवर या बाईसाठी कुणी कपाळाला हात लावला नसेल, तर मी लावतो, असा त्याचा हिशेब. लबाड माणूस खरा, पण बघा ना, सबंध पुस्तकात वध झालेल्या जिवासाठी आपणहून प्रार्थना करणारा हाच एक निघाला. त्यात उपदेश नाही, घाई नाही. मेलेल्या बाईला तो पंचाहत्तर वर्षांनी तिचा एक क्षण देतो आहे.

शेवट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. रोगोझिन अखेर नस्तास्याचा खून करतो. तोच मिश्किनला घरी घेऊन येतो. प्रेताच्या शेजारी दोघे जमिनीवर रात्र काढतात. रोगोझिन तापात बरळू लागतो, तेव्हा मिश्किन थरथरत्या हाताने त्याच्या केसांवरून, गालांवरून हात फिरवत राहतो. सकाळी लोक दार उघडतात तेव्हा मिश्किनचे भान कायमचे गेलेले असते. रोगोझिनला पंधरा वर्षे सैबेरियात सक्तमजुरीची शिक्षा होते. ती तो मुकाट्याने ऐकून घेतो. त्या काळच्या रशियन कायद्यात साध्या खुनाला मृत्युदंड नव्हता, तो राज्याविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी राखलेला होता.

पहिल्या भागातला पाद्री आणि शेवटच्या रात्रीचा मिश्किन, हे दोघे शेजारी ठेवून पाहा. दोघांपुढेही अपराधी माणूस आहे. एकाजवळ क्रूस आहे, पण तो काही मिनिटांतच ओट्यावरून उतरून जाणार आहे. दुसऱ्याजवळ काही नाही. पण तो उठून जात नाही. मला वाटते, या कादंबरीचे श्रद्धेविषयीचे उत्तर असेल तर ते इथे आहे. मरणाऱ्याच्या हातात शेवटच्या घटकेला काहीतरी ठेवणे म्हणजे श्रद्धा नव्हे. ज्याला सगळ्यांनी टाकले त्याच्यापाशी बसून राहणे, आणि तो अजून बदलू शकतो ही आशा त्याच्यापासून न काढणे, ही श्रद्धा. वधाची शिक्षा ही आशाच कापते. म्हणून ती नुसता जीव घेत नाही, श्रद्धेच्या मुळावर घाव घालते.

आता आपण म्हणाल, हे सारे मारणाऱ्याच्या बाजूचे झाले. जिला मारले तिचे काय? तिला कुणी पाच मिनिटे दिली? आक्षेप खरा आहे, आणि त्याला कादंबरीत पुरते उत्तर नाही. मिश्किनच्या करुणेने नस्तास्या वाचली नाही, रोगोझिन वाचला नाही, तो स्वतःही वाचला नाही. चादरीखालून दिसणारा तिचा उघडा पाय वाचकाला झोपू देत नाही. पण लेखक एवढे मात्र बजावतो की, रोगोझिनचे डोके उडवून तो पाय हलला नसता.

हा प्रश्न जुना झालेला नाही. फ्रान्सने १९८१ मध्ये मृत्युदंड रद्द केला. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा याने १९५१ मध्ये या कादंबरीवर चित्रपट काढला, तेव्हा त्याचा नायक युद्धगुन्हेगार समजून गोळ्या घालायला उभा केलेला आणि ऐनवेळी सुटलेला माणूस होता. आपल्या देशात मृत्युदंड कायद्यात आहे. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो विरळातल्या विरळ प्रकरणांपुरताच द्यावा असे सांगितले. आणि जानेवारी २०१४ मध्ये त्याच न्यायालयाने पंधरा कैद्यांची फाशी जन्मठेपेत बदलली. त्यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत मुख्य कारण हे की, दयेच्या अर्जावर निर्णय व्हायला अवाजवी काळ लागला होता. म्हणजे वाट पाहत ठेवणे हीच एक यातना आहे, हे मिश्किनने एका हुजऱ्याला सांगितलेले सत्य आमच्या न्यायालयातही मान्य झाले.

फाशी असावी की नसावी, याविषयी आपले मत काही असो. हे पुस्तक ते मत बदलायला सांगत नाही. ते एवढेच मागते की, मत देण्याआधी त्या माणसाच्या शेजारी एक मिनिट उभे राहा, तीन रस्ते उरले आहेत असे मोजणाऱ्याच्या गाडीत बसा. सबंध कादंबरी वाचायला सवड नसेल, तर निदान पहिल्या भागातली हुजऱ्याच्या खोलीतली आणि त्यानंतरची बैठकीतली पाने वाचा. तेवढी वाचलीत तर पुढची आपणहून वाचाल.